समुपदेशन : विमानतळापर्यंत

समुपदेशनाच्या बाबतीत मराठी समाज मागे आहे, अशी ओरड करणाऱ्यांनी नीटचा निकाल लागल्यानंतरचा एखादा रविवार लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात काढावा. बऱ्यापैकी हॉटेलाच्या बँक्वेट हॉलमध्ये सकाळपासून समुपदेशन चालू असते. एसी चालू, चहा-बिस्किटे मोफत, समुपदेशनही मोफत. मागे बर्फातल्या इमारतीचे मोठे चित्र, पुढे टाय लावलेले सर. "काका, टेन्शन घेऊ नका," हे सरांचे पहिले वाक्य असते, आणि आपल्याला टेन्शन आहे हे काकांना ते ऐकल्यावर प्रथमच कळते.

या सरांइतके मन लावून ऐकणारा माणूस मी मानसोपचाराच्या क्षेत्रातही पाहिलेला नाही. मुलाला मार्क किती, रिपीट किती वर्षे केले, जमीन किती, बागायत की कोरडवाहू, सातबाऱ्यावर नाव कोणाचे, बहिणीचे लग्न कधी, मामा नोकरीला कुठे, हे सगळे ते विचारतात आणि लिहून घेतात. रुग्णाच्या घरची इतकी माहिती काढायला मनोविकारतज्ज्ञाला कैक बैठका लागल्या असत्या. सर ती एका चहात काढतात. चहा संपेपर्यंत निदान आणि उपाय दोन्ही तयार. निदान : मुलगा हुशार आहे, नशीब आडवे आले. उपाय : किर्गिझस्तानातले बिश्केक. जमीन बागायत असेल तर जॉर्जिया.

सरांचे निदान अगदीच निराधार म्हणता येणार नाही. 2025 मध्ये 22 लाखांवर मुलांनी नीट दिली, त्यातली 12 लाख 36 हजार पात्र ठरली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. खुल्या गटात पात्र ठरायला 720 पैकी 144 गुण पुरले. म्हणजे अकरा लाख मुलांना सरकारने लेखी कळवले की तुम्ही डॉक्टर होण्यास पात्र आहात, फक्त बसायला जागा नाही. अभिमत विद्यापीठात जागा असते, पण तिथे एका वर्षाला वीस-पंचवीस लाख मागतात, आणि तेवढ्यात किर्गिझस्तानात अख्खा अभ्यासक्रम निघतो. परदेशी शिकायला जाण्यासाठीही 2018 पासून नीटची पात्रता लागते. दर्जा राखावा म्हणून केलेला हा नियम सरांनी जाहिरातीत घेतला : आम्ही 'नीट क्वालिफाइड' मुलेच नेतो, ऐरेगैरे नेत नाही.

पालकही तयारीनिशी येतात. भारतीय मेस आहे का, आचारी आपल्याकडचा आहे का, हीटर खोलीत आहे की पॅसेजमध्ये, मुलींचे होस्टेल वेगळे का, आपल्या तालुक्यातले कोणी आहे का तिथे. आणि शेवटी, जरा आवाज उतरवून : "एनएमसी अप्रूव्हड आहे ना, सर?" सर छातीवर हात ठेवून हो म्हणतात. पण एनएमसी, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, परदेशी विद्यापीठांची मान्यताप्राप्त यादी ठेवतच नाही. 18 नोव्हेंबर 2021 च्या राजपत्रात त्याने अटी तेवढ्या दिल्या आहेत आणि त्या जुळतात की नाही हे पाहण्याचे काम मुलावर सोडले आहे. किमान 54 महिन्यांचे शिक्षण, वर त्याच परदेशी संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, माध्यम इंग्रजी, ज्या देशात शिकलो तिथे प्रॅक्टिस करण्याचा हक्क, परतल्यावर भारतात आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप, आणि हे सगळे दहा वर्षांच्या आत. मजकूर थोडाच आहे. तो हॉलमध्ये कोणी मोठ्याने वाचत नाही, याबद्दल आयोजकांचे आभार मानले पाहिजेत. चांगले जमलेले वातावरण बिघडले असते. फिलिपिन्सला गेलेल्या मुलांना तिथे गेल्यावर समजले की आधीचा बीएसचा काळ आयोग 54 महिन्यांत धरत नाही आणि उरलेले एमडी चारच वर्षांचे. हे त्यांना आधी कळले असते, तर त्यांचे मनिला पाहायचे राहून गेले असते.

एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि त्यातच आपल्या समाजाचे शहाणपण आहे. तिथे गेल्यावर पोरगा चार दिवस खोलीबाहेर पडला नाही, तर त्याच्या दारावर थाप कोण मारणार? असले अभद्र बोलणे शुभकार्यात बरे दिसत नाही. शिवाय सरांचे कमिशन प्रवेश झाला की मिळते. ज्या कामाचे पैसे प्रवेशापाशी संपतात, ते काम मुंबईच्या विमानतळापलीकडे ओढत नेणे हा व्यवहार नव्हे. म्हणून आपले समुपदेशन भरघोस असते, मोफत असते आणि बोर्डिंग पास हाती पडल्यावर संपते.

या शिस्तीला पहिला धक्का एका अमेरिकन बाईंनी दिला, हे इतिहासात नमूद करून ठेवायला हवे. 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टरी शिकायला गेल्या. परदेशात वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्याला दुरून कसे सांभाळावे, याचा नमुना त्यांचे पती गोपाळराव यांनी तेव्हाच घालून दिला होता : टोचणारी, संशय घेणारी, चुका काढणारी पत्रे. ती पद्धत आजही घराघरांत चालू आहे, फक्त टपालहशील वाचले. पण न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई मध्ये पडल्या. कोण कुठली मुलगी, तिच्याबद्दलचा मजकूर एका मासिकात वाचून यांनी पत्रव्यवहार सुरू केला, ती आल्यावर तिला घरात ठेवून घेतले, कॉलेजात दाखल करायला सोबत गेल्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. त्यात कॉलेजच्या डीन रेचल बॉडली. त्यांनाही विद्यार्थिनींची काळजी करण्याची सवय होती. मार्च 1886 मध्ये आनंदीबाई पदवी घेऊन बाहेर पडल्या. परक्या थंडीत तब्येत ढासळत असताना तीन वर्षांत पदवी झाली, याचे थोडे श्रेय त्या मावशीला द्यावे लागते, आणि म्हणूनच ते उदाहरण धोक्याचे आहे. आज एकेका विद्यापीठात शेकड्यांनी आपली मुले असतात. एवढ्या मावश्या आणायच्या कुठून, आणि त्यांना पगार कोणत्या शीर्षाखाली द्यायचा?

आता अभ्यासाकडे वळू. रशियात किंवा जुन्या सोव्हिएत मुलखात पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र आणि ऊतिशास्त्राच्या जोडीला लॅटिन आणि रशियन असते. हाडाचे नाव लॅटिनमध्ये पाठ करायचे, पुस्तक इंग्रजीत वाचायचे, बाईंशी मोडक्या रशियनमध्ये बोलायचे आणि समजून मात्र मराठीत घ्यायचे. 'माध्यम इंग्रजी' असे पत्रकात छापलेले असल्यामुळे पुष्कळ मुले रशियनचा तास झोपण्यासाठी वापरतात, आणि त्यांना कोणी उठवत नाही. तिसऱ्या वर्षी ती वॉर्डात जातात. खाटेवरच्या आजीबाई पोट कुठे आणि कधीपासून दुखते ते सविस्तर सांगतात, पत्रक न वाचल्यामुळे रशियनमध्ये सांगतात. मुले खाटेच्या पायथ्याशी उभी राहून मान हलवतात. रुग्णाचे शांतपणे ऐकून घ्यावे, हा वैद्यकातला मोठा धडा त्यांना असा आपोआप मिळतो.

परीक्षा तोंडी असते. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या घातलेल्या असतात. एक उचलायची, तिच्यावरचे प्रश्न घेऊन थोडा वेळ कागदावर टिपणे काढायची आणि मग समोर बसून सांगायचे. चिठ्ठीला 'बिलेत' म्हणतात. पाच म्हणजे उत्तम, तीन म्हणजे ढकलला, दोन म्हणजे परत या. पद्धत वाईट नाही. जे येते ते तोंडाने सांगता आले पाहिजे, ही अपेक्षा डॉक्टरकडून ठेवायला हरकत नसावी. गंमत पुढे आहे. सहा वर्षे चिठ्ठ्या उचलून मुलगा भारतात येतो, तेव्हा त्याची परीक्षा एका दिवसात 300 बहुपर्यायी प्रश्न विचारून होते. 150 बरोबर आले पाहिजेत. 149 वाल्याला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात. म्हणजे पोहायला शिकवायचे आणि स्पर्धा सायकलची घ्यायची. जून 2025 मध्ये 36 हजारांवर मुलांनी ही परीक्षा दिली, त्यातली 6 हजार 700 च्या आसपास उत्तीर्ण झाली.

पहिल्याच वर्षी कोणी या मुलाला समोर बसवून, तिथली परीक्षा अशी आणि इथली अशी, दुसऱ्या वर्षापासून दोन्ही धर, रशियनचा तास बुडवू नकोस, आठवड्याला इतके प्रश्न सोडव, असे सांगितले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्याही मनात येतो. तासाभराचे काम आहे. पण परतलेली मुले ज्यांत बसून या परीक्षेची तयारी करतात, त्या दिल्लीच्या गौतमनगरातल्या अभ्यासिका कशावर चालल्या असत्या? तिथे एकेका खुर्चीचे महिन्याचे भाडे आहे, चहावाले आहेत, झेरॉक्सवाले आहेत, खोल्या देणारे घरमालक आहेत. एका तासाच्या सल्ल्यापायी एवढी अर्थव्यवस्था बुडवायची, हे कोणत्याही जबाबदार माणसाला पटणार नाही.

तरी विद्यापीठात शैक्षणिक मार्गदर्शन नसतेच असे नाही. प्रत्येक गटाला एक 'कुरातोर' नेमलेला असतो. तो बहुधा एखाद्या विषयाचा शिक्षक असतो, त्याला स्वतःचे तास असतात, आणि गटाची हजेरी, नोंदणीची कागदपत्रे, व्हिसाची मुदत या गोष्टींकडे तो लक्ष देतो. म्हणजे मुलगा देशात कायदेशीरपणे आहे की नाही हे त्याला माहीत असते. मुलगा कसा आहे, हा प्रश्न त्याच्या रकान्यात नाही.

आणि मग 'अत्राबोत्का'. या एका व्यवस्थेवर मी मनापासून फिदा आहे. तास बुडाला की त्याची भरपाई करावी लागते : 'देकानात'मधून, म्हणजे डीनच्या कचेरीतून, परवानगीची चिठ्ठी आणायची, बाई सांगतील त्या वेळी हजर व्हायचे आणि बुडालेला धडा तोंडी म्हणून दाखवायचा. प्रत्येक बुडालेल्या तासाची वेगळी भरपाई. धडधाकट मुलाला यामुळे शिस्त लागते. पण समजा, नोव्हेंबरात एखादा मुलगा उठेनासा झाला. ताप नाही, खोकला नाही, नुसते उठवत नाही. आंघोळ राहते, मेसमध्ये जाणे राहते, मग तास. आठवड्यात वीसेक तास जातात. आता ज्याला दिवसाला तीन तास झेपत नव्हते, त्याने पुढच्या आठवड्यात चालू तास अधिक वीस भरपाया करायच्या. ते जमत नाही, म्हणून तो कचेरीत जायला घाबरतो. जात नाही, म्हणून आकडा वाढतो. वाढलेला आकडा पाहून तो रजई डोक्यावर ओढतो. सत्र संपताना भरपाया शिल्लक असल्या तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि त्यापुढे नाव कमी करण्याची यादी असते. नाव कमी झाले की व्हिसा जातो. आजार आणि त्याची शिक्षा एकाच रांगेत लावून देणारी इतकी काटकसरीची रचना मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मधे कोणी डॉक्टर उभा राहून 'याला दोन आठवडे द्या, भरपाया वाटून द्या' असे म्हणेल, तर रांग मोडेल. म्हणून मधे कोणी नसते, हेच बरे.

मुलगा नोव्हेंबरातच का झोपतो, यावर लोकांनी विनाकारण संशोधन केले आहे. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1960 साली लिहून ठेवले की परक्या मुलखात माणूस आधी हरखतो, मग खचतो, चिडतो आणि मग हळूहळू सावरतो. सप्टेंबरात इमारतीसमोर काढलेले फोटो गावच्या ग्रुपवर येतात तो हरखण्याचा टप्पा. नोव्हेंबर हा दुसरा. 1984 मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात उजेड कमी झाला की काही माणसांना येणाऱ्या खिन्नतेचे वर्णन केले आणि तिच्यावर प्रखर दिव्याचा उपाय सुचवला : रोज त्याच्यासमोर बसायचे. आपली मुले अर्खांगेल्स्कलाही शिकतात. तिथे 21 डिसेंबरला सूर्य जेमतेम चार तास वर असतो. उन्हाळ्यात डोक्याला उपरणे बांधून क्लासला गेलेला नांदेडचा मुलगा तिथे अंधारात कॉलेजला जातो आणि अंधारात परततो. त्याच्या बॅगेत कुकर असतो, काळा मसाला असतो, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चार प्रकारची लोणची आणि विमान कंपनीने उतरवायला लावलेल्या दोन किलो लाडवांची आठवण असते. दिवा नसतो. दिव्याला चव नाही.

घरचे समुपदेशन मात्र नियमित चालते. अर्खांगेल्स्कला साडेसात वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. मालिका संपलेली असते, जेवणे झालेली असतात. व्हिडिओ कॉल लागतो. "जेवलास का?" "हो." "थंडी आहे का?" "आहे." "अभ्यास?" "चालू आहे." मुलगा कॅमेरा असा धरतो की मागची न आवरलेली कॉट दिसू नये, आणि आई असे दाखवते की ती तिला दिसली नाही. मग फोन वडिलांकडे जातो. वडिलांची पद्धत प्रेरणेची. मागच्या आठवड्यात हप्ता किती गेला, रुबल कितीला झाला, विहिरीचे काम थांबवले आहे, चुलत्याने बांधावरून काय ऐकवले, हे सगळे ते शांतपणे सांगतात आणि शेवटी म्हणतात, "तू टेन्शन घेऊ नको." कर्जाचा आकडा ऐकून मुलाला झोप लागत नाही. झोप लागत नाही म्हणजे अभ्यासाला रात्र मोकळी मिळते. परदेशातल्या कोणत्याही विद्यापीठाला इतक्या कमी खर्चात हा परिणाम साधता आलेला नाही.

मुलीच्या फोनमध्ये एक प्रश्न जास्त असतो : "कोणाशी बोलत नाहीस ना?" ती खरेच कोणाशी बोलत नसते. घरच्यांना बरे वाटते.

आता, तिथे मानसशास्त्रज्ञ नसतात असा गैरसमज नको. पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मानसशास्त्रज्ञाची खोली असते, दारावर पाटी असते, पाटीवर वेळ असते. बाई चांगल्या असतात आणि रशियन बोलतात. 'छातीत धडधडते' हे सांगण्याइतके रशियन मुलाला येते, कारण ते हृदयाच्या प्रकरणात असते. 'मला घरी जावेसे वाटते आणि घरी जायची भीती वाटते' हे कोणत्याच प्रकरणात नसते. मग दुभाषा लागतो. दुभाषा म्हणजे चौथ्या वर्षाचा सिनिअर, आणि पालकांनी हॉलमध्ये अगत्याने चौकशी केल्याप्रमाणे तो आपल्याच तालुक्यातला असतो. मुलगा बोलतो, सिनिअर ऐकतो, भाषांतर करतो, बाई टिपून घेतात. गुप्ततेचे सगळे नियम बाईंकडून पाळले जातात. संध्याकाळपर्यंत गोष्ट तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असते, रात्री ती मुलाच्या आत्याला कळते, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन अवेळी येतो. यानंतर तो मुलगा त्या खोलीकडे फिरकत नाही. त्याच्या मजल्यावरचे बाकीचेही फिरकत नाहीत. कचेरीच्या अहवालात मात्र सेवा घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या घटल्याचे दिसते, आणि त्यांचे मानसिक आरोग्य सुधारत असल्याचा निष्कर्ष त्यावरून सहज काढता येतो.

तसेही, जो स्वतः डॉक्टर होणार त्याने डॉक्टरकडे जावे हे विचित्रच. पुढच्या वर्षांत मनोविकारशास्त्राची पाने येतात. मुलगा रात्री नैराश्याची लक्षणे वाचतो, एकेकावर मनात खूण करतो आणि पुस्तक मिटून ठेवतो, कारण ते प्रकरण महत्त्वाचे नाही, त्यावर चिठ्ठी क्वचित येते.

ज्यांना आकडेच लागतात त्यांच्यासाठी तेही आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. पदवीच्या 25,590 विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली होती, त्यातल्या 27.8 टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले आणि 16.2 टक्क्यांच्या मनात जीव देण्याचा विचार येऊन गेला होता. हे झाले देशातल्या कॉलेजांचे, जिथे आई रात्रीच्या एसटीने सकाळी होस्टेलच्या दाराशी पोचू शकते. सीमा ओलांडून गेलेली मुले त्या मोजणीत नाहीत. त्यांची तिथे मोजदाद होते ती भारतीय म्हणून, इथे होते ती परत आल्यावर. मधली सहा वर्षे ती कोणाच्याच आकड्यात नसल्यामुळे ती पूर्ण निरोगी आहेत असे मानायला कायदेशीर हरकत नाही.

संकटकाळी आपले मार्गदर्शन विशेष खुलते. 2020 च्या सुरुवातीला करोनामुळे वुहानहून मुले परत आणली, आणि पुढची दोन-अडीच वर्षे चीनमध्ये शिकणारी मुले लातूर-परभणीच्या माळवदावर, रेंज येईल त्या कोपऱ्यात बसून शवविच्छेदन आणि शस्त्रक्रिया शिकली. ते शिक्षण चालणार नाही, असे त्यांना मागाहून कळवण्यात आले. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पदवी मिळालेल्यांना इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षे करा म्हणून सांगितले गेले. वर्ष वाया गेले म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्यांना एक वर्ष जास्त मिळाले.

युक्रेनचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात जावे असे. 15 फेब्रुवारी 2022 रोजी कीव्हच्या भारतीय दूतावासाने पत्रक काढले : ज्यांचे राहणे आवश्यक नाही त्यांनी तात्पुरते निघण्याचा विचार करावा. आवश्यक आहे की नाही, हे एकोणीस वर्षांच्या मुलाने ठरवायचे होते. विद्यापीठे ऑनलाइन वर्ग घ्यायला तयार नव्हती, हजेरी कापली जाईल असे सांगत होती, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना तिथल्या 'क्रोक' परीक्षेची चिंता होती, आणि विमानाचे तिकीट परवडण्यापलीकडे गेले होते. घरी विचारले तर घरचे म्हणाले, सरांना विचार. सर म्हणाले, काही होत नाही, दरवर्षी असेच चालते. 24 तारखेला रशियाचे बॉम्ब पडले. मुलांनी आठवडाभर खारकीवच्या मेट्रो स्टेशनांत आणि तळघरांत काढला. 1 मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी सामान आणायला बाहेर पडला तो मारला गेला. 2 मार्चला पुन्हा पत्रक आले : ताबडतोब खारकीव सोडा, वाहन मिळत नसेल तर चालत पेसोचिन, बाबाये किंवा बेझ्ल्युदोव्हकाला पोचा, संध्याकाळी सहाच्या आत. अकरा ते सोळा किलोमीटर. इतका स्पष्ट, अंतरासकट दिलेला सल्ला या मुलांना शिक्षणाच्या काळात पहिल्यांदाच मिळाला असावा.

ती मुले परत आली तेव्हा विमानतळावर मंत्री होते, गुलाब होते, पेढे होते. मग मार्चमध्येच कित्येक विद्यापीठांचे ऑनलाइन वर्ग पुन्हा सुरू झाले आणि मुले मोबाईल लावून बसली. फटाके वाजले की दचकत होती, पण दिवाळीला बराच अवकाश होता. त्यांच्याशी कोणी बसून बोलावे, असा विचार इकडे आला नाही आणि ते योग्यच झाले. कारण त्या वेळी सगळे दुसऱ्या, अधिक तातडीच्या प्रश्नावर बोलत होते : उरलेली वर्षे कुठे करायची. इथल्या कॉलेजांत सामावून घेण्याची तरतूद नाही, असे जुलैत संसदेत सांगितले गेले. सप्टेंबरात आयोगाने दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत पुढचे शिक्षण घ्यायला वाट करून दिली. बँक्वेट हॉल पुन्हा लागले. 'ट्रान्सफर'चे समुपदेशन सुरू झाले, तेही मोफत. आणि 2024 च्या मे महिन्यात बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर हल्ले केले, तेव्हा दूतावासाने सांगितले, घरातच थांबा. एव्हाना मुलांना सराव झाला होता. काहींना तर खोलीतच राहण्याचा सराव नोव्हेंबरापासून होता.

या सगळ्यातून बाहेर पडलेला, तीन-चारदा ती 300 प्रश्नांची परीक्षा दिलेला, 140 च्या आसपास अडकलेला एखादा मुलगा गावी राहू शकत नाही. 'डॉक्टरसाहेब' म्हणून हाक मारणारे वाढतात आणि बीपी तपासायला येतात. तो शहरात येतो आणि कन्सल्टन्सीत नोकरी धरतो. मालक त्याच्यावर खूश असतात : रशियन येते, किर्गिझस्तानातल्या ओशची थंडी माहीत, मेसमधली डाळ माहीत, शिवाय बोलणे गोड. खरे तर त्याला याहून कितीतरी जास्त माहीत असते. भरपाया कशा साचतात, कोणत्या महिन्यात कोण झोपते, देकानातमधली कोणती बाई ऐकून घेते, दुभाषा तालुक्याबाहेरचा का असावा, दुसऱ्या वर्षापासून काय सोडवायला हवे, हे सगळे.

अशाच एका तरुणाने मालकांपुढे मांडले की आपण मागच्या खेपेला पाठवलेल्या मुलांना आठवड्यातून एकदा मी फोन करतो, पहिले वर्षभर. पगार वाढवू नका, फक्त रिचार्ज द्या. मी अर्थातच या कल्पनेच्या विरोधात आहे. फोन केला तर मुले बोलतील, बोलली तर पालकांना कळेल, आणि पालकांना कळले तर धाकटा भाऊ कुठे पाठवायचा यावर ते फेरविचार करतील. पण मालक पुरोगामी निघाले. कल्पना त्यांना इतकी आवडली की 'चोवीस तास मानसिक आधार' असा मजकूर त्यांनी यंदाच्या माहितीपत्रकात घालायला सांगितला आहे. रिचार्जचे पुढच्या वर्षी बघू म्हणाले.